तांदळाची निर्यात : पहिला नंबर आणि धानकरी

तांदळाच्या निर्यातीत हिंदुस्थान जगात पहिला आहे, हे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. आणि ते खरेही आहे. परंतु लाखनीच्या बाजारात धान आणणाऱ्या शेतकऱ्यास व ते भरडणाऱ्या गिरणीवाल्यास या मानापासून काही स्थैर्य लाभले काय, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

या कामी थायलंडशी तुलना उद्बोधक होईल. सुमारे तीन दशके तो देश या व्यापारात अग्रेसर होता. आपली निर्यात २००७-०८ साली ६५ लाख टनांच्या आसपास होती. बासमतीखेरीज इतर तांदळास बंदी होताच ती पुढल्याच वर्षी २५ लाखांवर उतरली. ही बंदी उठण्यास सप्टेंबर २०११ उजाडला. त्याच वर्षी थायलंडच्या सरकारने बाजारभावाच्या जवळजवळ दीडपट दराने धान खरेदी करण्याची योजना आरंभिली. कोठारे भरली, निर्यात मात्र १ कोटी ६ लाख टनांवरून २०१२ साली सुमारे ७० लाखांवर आली. मोकळ्या झालेल्या जागी हिंदुस्थान शिरला व पहिला झाला. पुढे २०२२ साली आपण २ कोटी टनांहून अधिक तांदूळ परदेशी पाठविला.

या चढउताराचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. एका वर्षात निम्म्याहून अधिक निर्यात बुडाली, ती काही शेते ओस पडली म्हणून नव्हे. थायलंड भलत्या औदार्याने घसरला, आपण भलत्या धास्तीने. दोन्हीकडे कारण सरकारी हुकूम हेच होते.

तरीही २० जुलै २०२३ रोजी पुन्हा तसाच हुकूम निघाला. आपल्याकडे त्या वेळी रोवणीचे दिवस. बियाणे, खत व मजुरी यांवर पैसा खर्ची पडून गेल्यावर पांढऱ्या तांदळाची वाट बंद झाली. ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी खुली झाली. तोवर परदेशी गिऱ्हाईक थायलंड व व्हिएतनामकडे वळले होते. थायलंडची त्या वर्षीची निर्यात १ कोटी टनांच्या जवळ गेली.

गरिबाच्या ताटातील भात महाग होऊ नये, असे सरकारचे म्हणणे आहे. हा हेतू स्तुत्य आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. परंतु गरिबास स्वस्त धान्य देण्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा. तो एकट्या धानकऱ्याच्या शिरी लादणे हा न्याय नव्हे. साठा खरोखरच कमी असेल, तर बेताची जकात बसवावी; आणि तिची मर्यादा पऱ्हे टाकण्यापूर्वीच जाहीर करावी, म्हणजे शेतकरी व व्यापारी दोघेही हिशेब पाहून पाऊल टाकतील.

आमच्या व्यापारीबंधूंसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. थायलंड आपला सुवासिक होम माली तांदूळ नावाने विकतो व चढा भाव घेतो. भंडाऱ्याच्या चिन्नोरास भौगोलिक मानांकन मिळाले आहे; त्यात हलक्या तांदळाची भेसळ करून चार पैसे मिळविणारा आपल्याच जिल्ह्याची पत बुडवितो. टनांची संख्या दिल्लीच्या एका हुकुमासरशी चढते वा उतरते; मालाची पत राखणे मात्र आपल्या हाती आहे. ती राखावी, आणि धोरणाच्या स्थैर्याची मागणी शेतकरी व गिरणीवाले यांनी एकमुखाने करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.