कॅमेरा जरा मागे घ्या ना!

१९ जानेवारी २०२५. दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आणि दोन्ही फायनलला समोर नेपाळ. प्रियांका इंगळेच्या टीमने ७८-४०, प्रतीक वाईकरच्या टीमने ५४-३६ असं जिंकलं. इकडं सोलापुरात हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही लई दंगा केला!

पण एक खटकलं. कॅमेरा सारखा पळणाऱ्याच्या तोंडावर. अरे, खो कुणाला मिळणार हे बसलेल्यांकडे बघितल्याशिवाय कळणार कसं? सगळा डाव तिथंच तर शिजतो. कडेला उभं राहिलं की आख्खं मैदान दिसतं.

आमच्या आंतरमहाविद्यालयीन फायनलला तर कॅमेराच नसतो. मैत्रिणीने खांबावर सूर मारून गडी टिपला, तो आम्हा पंधरा-वीस जणांनीच पाहिला. एकाच्या मोबाइलमध्ये आहे, अर्धवट. मध्ये बोट आलंय.