ऑगस्टाचे भाकीत

एप्रिलचा पहिला आठवडा आला की अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा या गावाकडे गोल्फच्या जगाचे डोळे लागतात आणि संभाव्य विजेत्यांच्या याद्या वृत्तपत्रांतून झळकू लागतात. 'मास्टर्स' या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी वर्षातली पहिली. महाराष्ट्रात गुढीपाडव्याला पंचांगातील संवत्सरफल वाचण्याची प्रथा आहे. तिकडच्या क्रीडालेखकांचे हे संवत्सरफलही जवळपास त्याच दिवसांत वाचले जाते. अर्थात ही तुलना त्या लेखकांवर थोडा अन्याय करणारी आहे. त्यांच्यापाशी ग्रहस्थितीपेक्षा पुष्कळच ठोस सामग्री असते. त्या सामग्रीतून किती निष्पन्न होऊ शकते आणि किती निष्पन्न झाल्याचा आव आणला जातो, हा खरा प्रश्न आहे.

भाकीत करावयाचेच तर त्यासाठी ऑगस्टाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. उरलेल्या तीन प्रमुख स्पर्धांचे मैदान दरवर्षी बदलते. मास्टर्स मात्र महायुद्धकाळातील तीन वर्षांचा खंड वगळता १९३४ पासून एकाच मैदानावर होत आली आहे. बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर ते उभारले. कोणत्या ग्रीनचा उतार कोणत्या बाजूला आहे, कोठे चेंडू थांबतो आणि कोठून तो घरंगळत पाण्यात जातो, याचा अनेक दशकांचा दाखला उपलब्ध आहे. इतर प्रमुख स्पर्धांत दीडशेहून अधिक खेळाडू उतरतात. येथे नव्वदच्या आसपास. त्यांतही आजन्म निमंत्रणाचा हक्क असलेले वयस्क माजी विजेते आणि काही हौशी खेळाडू वगळले, तर खरी चुरस त्याहून बऱ्याच कमी जणांत उरते. एवढी अनुकूलता असूनही विजेत्याचे नाव आधी सांगणे भल्याभल्यांना साधत नाही.

याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. टेनिसमध्ये अग्रमानांकित खेळाडूला सात सामने जिंकावे लागतात, पण एका वेळी त्याच्यासमोर एकच प्रतिस्पर्धी असतो आणि आपल्या खेळाने त्या प्रतिस्पर्ध्याला तो नामोहरम करू शकतो. गोल्फमध्ये सर्वांशी एकाच वेळी सामना असतो आणि त्यांतील कोणाच्याही चेंडूला हात लावता येत नाही. चार दिवसांत बहात्तर होल खेळून झाल्यावर ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजयी. श्रेष्ठ खेळाडूने आपल्या दर्जाला साजेसा खेळ केला, तरी त्या चार दिवसांत इतरांपैकी कोणा एकाला आयुष्यातला सर्वोत्तम सूर गवसला, की श्रेष्ठाला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागते. प्रमुख स्पर्धांत सर्वाधिक अठरा विजेतेपदे मिळवणारा जॅक निक्लॉस या स्पर्धांत एकोणीस वेळा दुसरा आला, ही नोंद या दृष्टीने बोलकी आहे. तो एकूण १६४ प्रमुख स्पर्धा खेळला. म्हणजे या खेळातला सर्वांत यशस्वी पुरुषही नऊ स्पर्धांमागे एक जिंकत होता.

शाळेतील अनुभवी वर्गशिक्षकाला परीक्षेपूर्वी विचारले, तर पहिल्या दहांत कोण असतील हे तो बहुधा बरोबर सांगतो. पहिला कोण येईल, असे विचारले की तो हसून विषय बदलतो. गोल्फच्या जाणकाराने नेमके हेच करावयास हवे. पंधरा-वीस नावांची यादी देणे हे त्याच्या ज्ञानाच्या कक्षेतले आहे. त्या यादीतून एक नाव उचलून त्यावर बोट ठेवणे ही कक्षा ओलांडण्याची सुरुवात होय. सट्टेबाजांचे भाव याची साक्ष देतात. सर्वांच्या पसंतीच्या खेळाडूचा भाव एकास चार असेल, तर पाचांपैकी चार वेळा तो जिंकणार नाही, असेच त्या भावाचे म्हणणे असते. वाचक मात्र तो आकडा 'हाच जिंकणार' असा वाचतो.

यादी तयार करण्यासाठी जे खरे ज्ञान लागते ते गेल्या काही वर्षांत वाढले आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी गोल्फच्या जगात असे मानले जाई की, लांब फटका हा दिखाव्यापुरता आणि पैसा मिळतो तो ग्रीनवरच्या हळुवार फटक्यातून, म्हणजे पटिंगमधून. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लक्षावधी फटक्यांच्या नोंदी तपासून ही समजूत पुष्कळशी खोटी ठरवली. चेंडू जेथून मारला जातो तेथून सरासरी खेळाडूला किती फटके लागतात आणि या खेळाडूने त्यांत किती वाचवले, अशी त्यांची मोजणी. तिच्यातून असे दिसले की श्रेष्ठ खेळाडूंच्या आघाडीचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे चाळीस टक्के, ग्रीनच्या दिशेने मारलेल्या मधल्या पल्ल्याच्या फटक्यांचा असतो. पटिंगचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास. परंतु याच शोधाची दुसरी बाजू भाकीतकाराला अडचणीची आहे. मधल्या पल्ल्याचे कौशल्य आठवड्यामागून आठवडे टिकते, म्हणून यादी बनवण्यास ते उपयोगी पडते. पटिंग मात्र लहरी. या आठवड्यात साधलेले पुढच्या आठवड्यात साधेलच असे नाही. आणि समान तोलाच्या वीस जणांतून एकाला वर काढण्याचे काम पुष्कळदा तीच लहर करते.

ऑगस्टापुरता आणखी एक नियम भरवशाचा आहे, तो अनुभवाचा. पहिल्याच भेटीत येथे जिंकणारा शेवटचा खेळाडू फझी झोलर. ते वर्ष १९७९. त्यानंतर २०२५ पर्यंत एकाही नवागताला ते जमलेले नाही. २०२४ साली स्वीडनचा लुडविग ओबर्ग पहिल्याच प्रयत्नात दुसरा आला, एवढेच. हा नियम टिकतो, कारण त्यामागे कारण आहे: ते उतार डोळ्यांना जसे दिसतात तसे नसतात आणि ते ओळखीचे होण्यास वर्षे जातात.

जेथे असे कारण नसते तेथे आकडेवारी माणसाला कशी चकवते याचे उदाहरणही ऑगस्टानेच दिले आहे. १९३४ ते २००२ या काळात एकही डावखुरा खेळाडू ही स्पर्धा जिंकला नव्हता. २००२ मध्ये कोणी 'डावखुऱ्यांना हे मैदान मानवत नाही' असा सिद्धांत मांडला असता, तर त्याच्या पाठीशी सहा दशकांहून अधिक काळाचा पुरावा होता. पुढच्याच वर्षी कॅनडाचा माइक वेअर जिंकला. २००४, २००६ आणि २०१० मध्ये फिल मिकेलसन, २०१२ आणि २०१४ मध्ये बब्बा वॉटसन. बारा वर्षांत सहा विजेतेपदे डावखुऱ्यांकडे गेली. मग विद्वानांनी सिद्धांत उलटा केला: येथील बरीच होल डावीकडे वळतात, डावखुऱ्याचा सहज फटकाही तिकडेच वळतो, म्हणून हे मैदान जणू त्यांच्यासाठीच आखलेले! २०१५ ते २०२५ या अकरा स्पर्धांत एकही डावखुरा जिंकला नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, बुधवारी, लहान होलांची एक हौसेची लढत होते. १९६० पासून २०२५ पर्यंत ती जिंकणाऱ्याला त्याच वर्षी मुख्य विजेतेपद मिळालेले नाही, हा आणखी एक 'योग'. काही खेळाडू शेवटचा फटका आपल्या मुलाला मारावयास देतात आणि निकालातून नाव काढून घेतात. साडेसातीचे भय काही एकट्या भारताची मिरास नव्हे.

भाकीत आणि निकाल यांची सर्वांत प्रसिद्ध गाठ पडली ती १९८६ साली. निक्लॉस तेव्हा ४६ वर्षांचा होता आणि १९८० नंतर त्याने एकही प्रमुख स्पर्धा जिंकलेली नव्हती. अटलांटाच्या एका दैनिकातील क्रीडालेखकाने 'निक्लॉस संपला' अशा अर्थाचा मजकूर लिहिला. निक्लॉस ज्या घरी उतरला होता तेथे त्याच्या एका मित्राने ते कात्रण शीतपेटीच्या दारावर चिकटवले, आणि आठवडाभर ते त्याच्या नजरेसमोर राहिले. त्याच वर्षी, स्पर्धेच्या तोंडावर, जगातील खेळाडूंची गणिती क्रमवारी प्रथमच प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यात बर्नहार्ड लँगर पहिला होता. रविवारी निक्लॉस चार फटक्यांनी मागे राहून मैदानात उतरला. शेवटची नऊ होल त्याने तीस फटक्यांत संपवली आणि ग्रेग नॉर्मन व टॉम काइट यांना एका फटक्याने मागे टाकून सहाव्यांदा तो विजयी झाला. तथापि त्या क्रीडालेखकाला मूर्ख ठरवणे बरोबर होणार नाही. शेचाळिसाव्या वर्षी विजय संभवत नाही, हे त्याचे अनुमान होते आणि शंभरांतून नव्याण्णव वेळा ते खरे ठरले असते. त्याची चूक निराळी होती. 'संभव थोडा आहे' असे लिहावयाचे त्याऐवजी त्याने 'संपला' असे लिहिले.

संभव थोडा असलेल्या गोष्टी घडण्याची एक ठरावीक जागाही या मैदानावर आहे: बारावे होल. लांबी जेमतेम १५५ यार्ड, पुढ्यात ओढा, मागे झाडी, आणि क्षणोक्षणी दिशा बदलणारा वारा. १९९२ मध्ये फ्रेड कपल्सचा चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या उतारावर पडला आणि ओढ्याकडे घरंगळताना गवताच्या पात्यांत अडकून राहिला. कपल्स दोन फटक्यांनी स्पर्धा जिंकला. २०१६ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता जॉर्डन स्पीथ शेवटच्या नऊ होलांकडे वळला तेव्हा पाच फटक्यांनी पुढे होता. बाराव्या होलवर त्याने दोन चेंडू पाण्यात घालवले, तीन फटक्यांचे काम सात फटक्यांवर गेले आणि विजेतेपद इंग्लंडच्या डॅनी विलेटकडे गेले. विलेटच्या पत्नीच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख नेमकी अंतिम दिवसाची होती आणि मूल जन्मले नाही तर स्पर्धेला जावयाचे नाही असे त्याने ठरवले होते. मूल थोडे आधी आले म्हणून तो ऑगस्टाला पोहोचला. भाकीतकाराच्या कोणत्या तक्त्यात यासाठी रकाना असणार?

यादीबाहेरच्या नावांचा विचार करताना भारतीय वाचकाला दुसरे एक नाव आठवावे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत बरोबरीने पाचवा आला. त्यापूर्वी २००८ मध्ये त्याच स्पर्धेत जीव मिल्खा सिंग बरोबरीने नववा होता आणि २०२३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शुभंकर शर्मा बरोबरीने आठवा. प्रमुख स्पर्धेपूर्वीच्या पहिल्या दहा नावांत भारतीय नाव शोधण्याची सवय मात्र अद्याप कोणाला लागलेली नाही.

एकच नाव घेण्याचे धाडस सार्थ ठरावे असे काळही येतात, हे नाकारता येत नाही. ऑगस्ट १९९९ ते जून २००२ या अवधीत झालेल्या अकरा प्रमुख स्पर्धांपैकी सात टायगर वुड्सने जिंकल्या. स्कॉटी शेफ्लर २०२२ मध्ये जागतिक क्रमवारीत नुकताच अग्रस्थानी पोहोचून ऑगस्टाला आला आणि जिंकला. २०२४ मध्ये तो सर्वांच्या पसंतीचा होता आणि पुन्हा जिंकला. परंतु वुड्ससारखा खेळाडू पिढीत एखादाच होतो, आणि भाकिते तर दरवर्षी हवी असतात.

हा सारा व्यवहार केवळ करमणुकीचा असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केला, आणि तेव्हापासून तेथील राज्यामागून राज्ये सट्टा कायदेशीर करीत गेली. क्रीडापानावरील यादीशेजारी आता भाव छापले जातात. त्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची टक्केवारी बेरजेला घेतली तर ती शंभराच्या वर जाते. वरचा भाग दुकानदाराचा. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, त्यामागे आपल्याकडील तरुणांचे बुडालेले पगार आणि शिक्षणासाठी ठेवलेले पैसे होतेच. ज्या लेखकाच्या वाक्यावर विसंबून कोणी कारकून महिनाअखेरीचे पैसे लावतो, त्याने 'कदाचित' हा शब्द गाळणे ही आता शैलीची बाब राहिलेली नाही.

आणि भाकीत चुकले की त्याचा दोष भाकीतकाराकडे न जाता खेळाडूच्या चारित्र्याकडे जातो, हा त्याहून मोठा अन्याय. १९९६ मध्ये ग्रेग नॉर्मन अंतिम दिवशी सहा फटक्यांनी पुढे होता. त्याने ७८ फटके घेतले, निक फाल्डोने ६७. नॉर्मन धैर्यात कमी पडला असे तेव्हापासून म्हटले जाते. फाल्डोच्या त्या ६७ चा उल्लेख कोणी क्वचितच करतो. २०११ मध्ये एकवीस वर्षांचा रोरी मॅकिलरॉय चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि ८० फटक्यांवर कोसळला. 'याला दडपण सोसत नाही' असा निकाल लागला. दोन महिन्यांनी तो अमेरिकन ओपन आठ फटक्यांनी जिंकला, तरीही ऑगस्टापुरता तो निकाल कायम राहिला, आणि २०१५ पासून दर एप्रिलमध्ये तो त्याला ऐकवला जाऊ लागला; कारण चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्याचा मान मिळण्यास एवढी एकच उरली होती.

२०२५ मध्ये तो जिंकला, परंतु कसा? आठवडाभरात चार होलांवर प्रत्येकी दोन फटके जादा गेले. अंतिम दिवशी पहिल्याच होलवर आघाडी गेली, तेराव्या होलवर साधा आखूड फटका ओढ्यात पडला, अठराव्यावर पाच-सहा फुटांवरून चेंडू आत गेला नाही. त्याने ७३ फटके घेतले, तर जस्टिन रोझने ६६. बरोबरी झाली आणि जादा होलवर मॅकिलरॉयचा चेंडू जवळ पडला. तो एक चेंडू दहा फूट दूर पडला असता, तर २०११ चाच निकाल आणखी एकदा वाचून दाखवण्यात आला असता. रोझ तेव्हा ४४ वर्षांचा होता. २०१७ मध्येही याच मैदानावर जादा होलवर तो सर्जिओ गार्सियाकडून हरला होता. अमेरिकन ओपनचे विजेतेपद आणि रिओ ऑलिंपिकचे सुवर्णपदक नावावर असलेल्या या माणसाने हरल्यावर विजेत्याला मिठी मारली आणि पुढच्या एप्रिलच्या यादीत कोणी आपले नाव कोठे घालील, याची वाट न पाहता तो मैदानाबाहेर पडला.