तक्रारीच्या हाकेचा आकार

दूरध्वनी क्रमांकाच्या आरंभी ०२४६२ दिसले की नांदेड आणि ०२३८२ दिसले की लातूर, हे ज्या पिढीला मुखोद्गत होते, तिला बँकेच्या पासबुकावर छापलेल्या १८०० व १८६० या गावाचा पत्ता न सांगणाऱ्या क्रमांकांतील भेद मात्र कोणी समजावून सांगितला नाही. १८००चा आकार ज्या संस्थेला पुकारावे ती संस्था सोसते. २००४ साली सुरू झालेले किसान कॉल सेंटर याच रीतीने चालते. १८६०चा आकार मात्र पुकारणाऱ्याच्याच माथी येतो, आणि अमर्याद बोलण्याच्या पॅकमधूनही तो पुष्कळदा वगळलेला असतो. १९९७ साली स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मोबाइलचे दर ठरविणे बहुतांशी कंपन्यांच्या मर्जीवर सोपविले असून, ठरलेला दर प्राधिकरणास कळविण्याचे बंधन त्यांच्यावर आहे.

पावसाने सोयाबीन पाण्याखाली गेले असता महाराष्ट्रातील शेतकऱ्याला २०२५च्या खरिपापूर्वी बहात्तर तासांच्या आत पीकविम्याची वर्दी द्यावी लागे; त्यासाठीचा क्रमांक निःशुल्क होता, हे योग्यच. परंतु त्याच शेतकऱ्याने कर्जखात्यातील चूक विचारण्यासाठी, बँकेच्या १८६० क्रमांकावर ध्वनिमुद्रित संगीत ऐकत, मिनिटामिनिटाचे पैसे का मोजावेत? व्याज व हप्ते वसूल करणाऱ्या प्रत्येक संस्थेवर तक्रारीसाठी १८०० क्रमांक ठेवण्याची सक्ती असावी, आणि १८६० जोडण्यापूर्वी त्याचा दर मराठीतून ऐकविला जावा.