गोट्याची घाई कशाला?

शाळा सुटली की मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे नव्या खोल्यांच्या पायाचे खोदकाम झाले आहे, तिथे हल्ली मुलांचा घोळका दिसतो. खोदकामात निघालेला एक काळा धोंडा तिथे पडून आहे आणि तो कोण उचलतो यावर पैजा लागतात. वडापावच्या! उचलणारा पाय जुळवून कंबरेतून वाकतो, दात-ओठ खात जोर लावतो, बाकीचे ओरडतात, आणि धोंडा गुडघ्यापर्यंत आला की धप्पकन खाली. पायाच्या बोटांपासून चार इंचांवर. मी दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा पाहण्याऐवजी लिहायला बसलो.

या उत्साहाचे कारण सर्वांना ठाऊक आहे. आपले दोन माजी विद्यार्थी, दोघेही विशी ओलांडलेले आणि इथल्याच कारखान्यांत नोकरीला असलेले, जानेवारीअखेरच्या एका ‘स्ट्राँगमॅन’ स्पर्धेत पहिल्यांदाच उतरत आहेत. त्यातला एक प्रकार गोटे उचलण्याचा. गोल गोटे एकामागून एक उचलून कंबरेएवढ्या ओट्यावर ठेवायचे, शेवटचा १०० किलोचा. त्यांचे पाहून अकरावी-बारावीच्या मुलांनाही नावे द्यायची आहेत. काही पालक अर्ज मिळवण्याच्या खटपटीत आहेत, तर काहींनी ‘हा प्रकार ताबडतोब बंद करावा’ असे शाळेला लेखी कळवले आहे. विषय विश्वस्तांच्या बैठकीत येणार, म्हणून माझे मत आधीच मांडतो. माजी विद्यार्थ्यांनी जरूर उतरावे. शाळेतल्या मुलांनी यंदा उतरू नये, पण शिकायला आत्तापासून लागावे, आणि त्यासाठी शाळेने जागा द्यावी. नुसती बंदी घातली तर मुले तो धोंडा शाळेच्या भिंतीपलीकडे जाऊन उचलतील, इतकेच होईल.

मी हे अनुभवाने बोलतो. आमच्या मूळ गावी मारुतीच्या देवळापुढे असाच एक गोटा होता. जत्रेच्या दिवशी पोरे तो उचलत. मी एकोणीस वर्षांचा होतो, वर्षभर गोट्याला हात लावलेला नव्हता, आणि नारळाच्या पैजेवर पुढे झालो. गोटा मांडीपर्यंत आला आणि कंबरेत काडकन आवाज झाला. तीन आठवडे पडून होतो. आजही पावसाळा लागला की ती कंबर जत्रेची आठवण करून देते. नारळ दुसऱ्यानेच नेला. तो रोज तालमीत जाणारा होता, हे सांगायला नकोच.

काही पालकांना हे विदेशी खूळ वाटते. ते तसे नाही. ‘जगातला सर्वांत बलवान पुरुष’ ही दूरदर्शनवरची स्पर्धा अमेरिकेत १९७७ मध्ये सुरू झाली हे खरे, पण गोटा त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या देवळांपुढे आहे. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात ४२ किलोचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची चढाओढ आजही होते. आणि आपल्या बडोद्याला तर सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पहिलवानाचा दगड आहे. सहलीला गेलेल्या मुलांनी तो पाहिला असेल. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने तो उचलला आणि त्याचे वजन १२०० किलो, असे सांगतात. दगड अडीच फूट उंचीचा. अडीच फूट लांब, रुंद आणि उंच दगड साधारण तेवढा भरतो खरा, पण ‘उचलला’ या शब्दाविषयी मला शंका आहे. लोखंडी दांड्याला वजने लावून जमिनीवरून ५०० किलो उचलणारा पहिला माणूस इंग्लंडचा एडी हॉल, तो २०१६ मध्ये. १२०० किलोचा दगड गामाने कदाचित कलता केला असेल, हलवला असेल. पण मुलांनो, माझा मुद्दा वजनाचा नाहीच. हाच गामा दहा वर्षांचा असताना, १८८८ मध्ये, जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत मोठमोठ्या पहिलवानांबरोबर शेवटच्या पंधरांत टिकला होता. म्हणजे बैठका आणि तो दगड यांच्यामध्ये चौदा वर्षे गेली. आपल्याकडे दगडाची गोष्ट सांगतात, चौदा वर्षांची कोणी सांगत नाही.

आइसलंडच्या एका समुद्रकिनाऱ्यावर चार दगड आहेत: २३, ५४, १०० आणि १५४ किलोचे. नावेवर काम मागायला आलेल्या माणसाची परीक्षा त्यांवर घेत. सर्वांत हलक्याचे नाव ‘दुबळा’ आणि सर्वांत जडाचे ‘पूर्ण बलवान’, अशा अर्थाची. मला या पद्धतीतला शहाणपणा आवडतो. एकच धोंडा नाही, पायऱ्या आहेत. आपल्या कोपऱ्यातल्या धोंड्याला पायऱ्या नाहीत, म्हणून तो धोकादायक आहे.

आता तयारीविषयी. गोटा ही लोखंडी दांड्यासारखी सोय नव्हे. त्याला धरायला जागा नसते आणि तो दोन्ही पायांच्या मधोमध घ्यावा लागतो, म्हणून पाय फाकवून, गोटा घोट्यांच्या रेषेत ठेवून उभे राहायचे. हात बाजूंनी न धरता शक्य तितके तळाखाली सारायचे, बोटे पसरून, आणि पकड पंज्यापेक्षा पुढच्या हाताने, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाने आवळायची. हात सरळ ठेवायचे. कोपरात वाकवून ओढले की दंडाचा स्नायू हाडापासून सुटतो, आणि या खेळातली ती नेहमीची दुखापत आहे. पाठ थोडी गोल होणारच, तिला इलाज नाही. म्हणूनच पोटात श्वास भरून ती घट्ट धरायची आणि पहिल्या दिवशी जड गोट्याच्या वाटेला जायचे नाही.

यानंतरची पायरी बाजारातल्या हमालाकडून शिकावी. तो पोते एका झटक्यात पाठीवर घेत नाही, आधी मांडीवर घेतो. गोटाही आधी मांड्यांवर घ्यायचा, अर्धे बसून. तिथे एक श्वास. मग हात वरून वेढून गोटा छातीशी कवटाळायचा आणि कंबर पुढे रेटत उभे राहायचे. गोटा हातांनी वर जात नाही, मांड्या आणि कंबर यांच्या रेट्याने छातीवरून घरंगळत वर जातो. पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण मांडीवरचा हा थांबा गाळतात आणि तिथेच हरतात.

आपल्या दोघा उमेदवारांनी पावसाळाभर गोट्याला हात लावू नये, असे मी त्यांना सांगितले आहे. सिल्वासाच्या पावसात ओला गोटा हातातून निसटतो, ते कारण आहेच. पण खरे कारण असे की बैठका, पोटाचा व्यायाम आणि वाळूचे पोते यांना तीन महिने द्यायला हवेत. तांदळाच्या जुन्या पोत्यात ३० किलो वाळू भरून ते मांडीवर, मग खांद्यावर. दर पंधरवड्याला चार-पाच किलो वाढवावी. पोते पडले तरी पाय शाबूत राहतो. दसऱ्यानंतर गोटे, आठवड्यातून दोनदाच.

गोटे सिमेंट-काँक्रीटचे ओतता येतात. इथे गणिताच्या सरांनी एक तास घ्यावा, अशी विनंती आहे. १२ इंच व्यासाचा काँक्रीटचा गोल साधारण ३५ किलो भरतो, १४ इंची ५६, १६ इंची ८४ आणि १७ इंची १०० च्या वर. शेवटच्या एका इंचात सोळा-सतरा किलो वाढतात! आपल्याकडचा काळा दगड तर त्याच आकाराला काँक्रीटपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने जड. डोळ्यांनी ‘जरासाच मोठा’ वाटणारा धोंडा असा फसवतो. माझाही असाच फसवा होता.

आता शाळेतल्या मुलांविषयी. वजने उचलल्याने उंची खुंटते, ही समजूत खरी नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हलकी वजने घेतल्याने मुलांचे, आणि मुलींचेही, भलेच होते. पण वाढत्या वयात हाडांची टोके पुरती पक्की झालेली नसतात. तेव्हा ‘जास्तीत जास्त किती’ हे आजमावायला जाऊ नये, आणि स्पर्धा तर नेमके तेच आजमावते. प्रौढ हमालाने कामावर ५५ किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये, अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ ची शिफारस आहे. सोळा वर्षांच्या मुलाला आपण १०० किलोच्या गोट्यापुढे कशाला उभे करायचे? बारावीनंतर उभे राहू दे की. तोवर १२ इंची गोटा नीट मांडीवर घेता आला, तरी वर्ष सत्कारणी लागले म्हणावे.

स्पर्धेच्या दिवसाबद्दल आपल्या दोघांना दोनच गोष्टी सांगतो. मल्लखांब खेळणाऱ्यांच्या परिचयाची जी राळ, तिच्यापासून केलेला चिकट लेप काही स्पर्धांत हाताला लावू देतात, काहींत नाही. हे आधी विचारून घ्या आणि सराव त्याप्रमाणेच करा. दुसरे, शेवटचा गोटा मांडीवर आला पण वर जात नसेल, तर तो सोडून मागे सरा. आधीचे सगळे गोटे स्वच्छ ठेवून परत आलात, तर मला पुरे आहे. घरचेही तेच म्हणतील, विचारून पाहा.

विश्वस्तांकडे मागणे फार नाही. कडुलिंबाखाली दहा बाय दहा फुटांचा, फूटभर खोल वाळूचा हौद. बांधकामाच्या उरलेल्या काँक्रीटमधून चार गोटे, वजन रंगाने लिहिलेले. लाकडाचा एक भक्कम ओटा. आणि एक नियम: देखरेखीला मोठे माणूस नसेल तर गोट्याला हात नाही. देखरेखीसाठी आठवड्यातले दोन दिवस मी येईन. वाकता येत नसले तरी ओरडता येते. मशीनच्या व्यायामशाळेचा प्रस्तावही बैठकीपुढे आहे असे ऐकतो. तिला माझा विरोध नाही, पण तिला निधी लागेल, वेळ लागेल. हौदाला एक ट्रॅक्टर वाळू लागेल.

आणि कोपऱ्यातला तो काळा धोंडा बैठकीची वाट न पाहता या आठवड्यातच तिथून हलवावा. जेसीबीने.