रविवार आणि वीस वाक्यं

रविवारी दुपारी चार वाजता मला वीस वाक्यं दाखवायची असतात. तेलुगूत, स्वतःच्या अक्षरात. मला शिकवणाऱ्या बाई सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, तेलुगू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत आणि ‘वेळ मिळाला नाही’ हे कारण त्यांच्याकडे चालत नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, पण गृहपाठ राहिला की पोटात अजूनही गोळा येतो!

परवाच्या रविवारचंच सांगते. सकाळी सहाला वही उघडली आणि नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे आलं की हातातलं टाकून भरायचं. ते होतंय तोवर मोत्या दाराशी कूं कूं करत उभा. त्याला फिरवून आणलं. मग चहा, सासूबाईंच्या गोळ्या, दळण. गिरणीत रांग होती, ते बरंच झालं. पिठाळलेल्या बाकावर बसून पाच वाक्यं झाली. अभ्यासाला गिरणीसारखी जागा नाही. त्या घरघरीत कुणी हाक मारत नाही आणि मारलीच तर ऐकू येत नाही.

घरी आले तर ओट्यावर मटणाची पिशवी आणि सोफ्यावर ‘हे’, हातात मोबाइल. म्हणाले, ‘आज सुट्टीच आहे, आरामात कर.’ आता मटण आरामात कसं करतात हे कुणाला माहीत असेल तर मैत्रिणींनो, मला जरूर कळवा. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात वही, आणि वासाने आलेली मनी पायात. कांदा करपला तो त्यातच.

त्या दिवशीचा धडा होता क्रियापदांचा. तेलुगूत ‘तो आला’ म्हणजे ‘वच्चाडु’. ‘ती आली’ म्हणजे ‘वच्चिंदी’. आणि मांजर आलं? तेही ‘वच्चिंदी’च! एकवचनात बाई आणि मांजर एकाच रांगेत. मान देऊन बोललं तर ‘वच्चारु’ होतं, पण तो मान वेगळा द्यावा लागतो. मनीला म्हटलं, बाई गं, आज या स्वयंपाकघरात तुझं-माझं व्याकरण एकच आहे.

तर इतकी यातायात कशासाठी? घरच्यांनाही हाच प्रश्न पडतो. ‘परीक्षा आहे का? नोकरी मिळणार आहे का? मग हे नसते उद्योग कशाला?’

कारण सांगते. आम्ही काही जणी विडी कामगार वस्तीत बचत गट आणि आरोग्य तपासणीचं काम करतो. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, पानं भिजवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून दोऱ्याने बांधायची आणि हजाराच्या हिशेबाने विड्या परत द्यायच्या. मांडीवर सूप घेऊन हे काम दिवसभर चालतं. यातल्या कितीतरी घरांत बोलणं तेलुगूतच. मुलं शाळेत मराठी शिकतात, आईला कामापुरतं मराठी येतं. कामापुरतं म्हणजे भाव, हिशेब, बसचं तिकीट. स्वतःच्या दुखण्याचे शब्द त्यात नसतात.

दोन वर्षांपूर्वी एका तपासणीला एक बाई आली. दुभाषा म्हणून दहा वर्षांचा मुलगा. तो म्हणाला, ‘आईचं पोट दुखतंय.’ ती आणखी बरंच काही बोलली, पण त्याने मान खाली घातली आणि पुन्हा तेच सांगितलं. पोटाच्या गोळ्या घेऊन ती गेली. पुढे शेजारणीकडून कळलं, तिच्या अंगावरून तीन आठवडे लाल जात होतं. तिला रक्त चढवावं लागलं. ती वाचली. पण त्या पोराच्या तोंडून तिने ते कसं सांगायचं होतं? आणि मी, बी.ए. झालेली, फॉर्म हातात घेऊन तिच्यासमोर नुसती बसले होते. वह्या आणल्या त्या आठवड्यात.

खरं तर तेलुगू आपल्याला वाटते तितकी परकी नाही. वर्णमालेचा क्रम आपलाच, फक्त ए आणि ओ त्यांच्याकडे ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. अक्का आणि अण्णा दोन्हीकडचे. आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ असा जो फरक आपण करतो, जो हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, तो तेलुगूत अगदी तसाच आहे. ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ‘मनम्’ म्हणजे आपण. हे मला पाठ होतं, तरी वस्तीत पहिल्यांदा धीर करून बोलले ते ‘मेमु दवाखानाकु पोतामु’ असं. एक म्हातारी पटकन म्हणाली, ‘तुम्ही जाणार? आणि आम्ही?’ सगळ्या हसल्या. तिनेच दुरुस्त करून दिलं, ‘मनम् पोदाम्.’ आपण जाऊ या.

मग त्या म्हातारीला मी विचारलं, तुम्हाला सुट्टी कधी? तिला प्रश्नच कळला नाही, आणि या वेळी माझ्या तेलुगूचा दोष नव्हता. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्याला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवलं होतं, पानं भिजवण्याचं काम तेवढं वगळून. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही भिजवण चालू राहू शकत होतं. बायकांच्या सुट्टीचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. डाळ भिजवा, कपडे भिजवा, उद्याची मटकी भिजवा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. माझी वीस वाक्यं होतात चाळीस मिनिटांत. ती २८९ मधूनच निघायला हवीत, दुसरी जागाच नाही. झोपेतून काढून पाहिली, पण रात्री अकराला ‘वच्चाडु’ आणि ‘वच्चिंदी’ एकच दिसायला लागतात.

म्हणून त्या रात्री करपलेला रस्सा वाढताना मी घरात सांगून टाकलं. रविवारी दहा ते अकरा मी खोलीत, दार बंद. दळण मुलगा नेईल, कुकरकडे ‘हे’ बघतील, मोत्या-मनीला मुलगी. भाकऱ्या विकत आणायच्या. कडक भाकरी विकत मिळण्याची सोलापुरात चांगली सोय आहे, ती वापरायला मला बावीस वर्षं लागली. (ती थापणारीचा रविवार कुठे गेला, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.) सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या वेळी नव्हतं हो असं.’ नंतर हळूच म्हणाल्या, त्यांना कानडी शिकायचं होतं. माहेर अक्कलकोटकडचं, मैत्रिणी सगळ्या कानडी बोलणाऱ्या. मग राहिलं. हे मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

पहिल्या रविवारी दारावर चार वेळा थाप पडली. मीठ कुठे, शिट्ट्या किती, मोत्या ऐकत नाही. मोत्याचं सांगायचं तर तो आता ‘कूर्चो’ म्हटलं की बसतो, ‘बस’ म्हटलं तर बघत राहतो. दुसऱ्या रविवारी एकदाच थाप. रस्सा खारट झाला होता, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला. माझी वाक्यं सतरा झाली. बाईंनी तीनबद्दल रागावून घेतलं, आणि एका वाक्यापाशी थांबून म्हणाल्या, हे बरोबर आहे, पण तुझ्या वस्तीत असं कुणी बोलणार नाही. पुस्तकात ‘एला उन्नारु’, तिथे ‘एट्लुन्नरु’. कसे आहात, एवढंच.

सोमवारी वस्तीत गेले तर तीच बाई पुढे आली, रक्त चढवलेली. या वेळी मुलगा बरोबर नव्हता. मी म्हटलं, ‘एट्लुन्नरु?’ ती हसली. मग बाई मला म्हणतात तसं तिला म्हटलं, ‘चेप्पम्मा.’ सांग बाई. ती बराच वेळ बोलली. निम्मं समजलं, निम्मं तिच्या हातांवरून. दोन शब्द काही केल्या कळले नाहीत. ते तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिले, येत्या रविवारी चार वाजता विचारायला.