दसरा ते दिवाळी : आठ दिवस घराला द्या



शहरातल्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या या दिवसांत एक सल्ला देतात. हिवाळा आला, बंगल्यापुढची हिरवळ नीट करा, कुंड्या उन्हात हलवा, गरम कपडे काढून ठेवा. वाचून हसू येते. आपल्या दारापुढे हिरवळ कुठली? आहे ते गाजर गवत. पण त्या सल्ल्यातली एक गोष्ट आपल्याही कामाची आहे. थंडी पडण्याआधीचे आठ दिवस घराला दिले, तर पुढचे चार महिने धड जातात.

आपल्याकडे तर या आठ दिवसांवर याहून मोठी गोष्ट अवलंबून आहे. कापूस संक्रांतीपर्यंत धरायचा की दिवाळीच्या तोंडावर मिळेल त्या भावाने द्यायचा, हे आपण बाजारात गेल्यावर ठरत नाही. ते आधी घरात ठरते. ज्याच्या घरात माल ठेवायला कोरडी जागा नाही, त्याचा भाव व्यापारी घरबसल्या ठरवतो.

तुम्ही म्हणाल, वेचणीला बाई मिळेना, ज्वारीत कोळपे चालू आहे, आणि हा गडी आम्हाला घर झाडायला सांगतो! माझीच एक चूक सांगतो. कृषीची पदवी घेऊन घरी आलो त्या वर्षी दवातच वेचलेला कापूस आम्ही तसाच माजघरात टाकला. आठ-दहा दिवसांनी व्यापारी आला. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि काही न बोलता मूठभर कापूस माझ्यापुढे धरला. गरम आणि पिवळा. भाव त्याने सांगितला आणि वडिलांनी मान हलवली. ओलावा कसा मोजायचा हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. घरच्या ढिगात हात घालून पाहायचे मात्र मला सुचले नाही.

म्हणून पहिले काम कापसाच्या खोलीचे. बिळे बुजवा, भिंतीला ओल असेल तर ढीग भिंतीपासून हातभर लांब ठेवा, खाली फळ्या किंवा ताडपत्री टाका. ढिगावरून विजेची उघडी तार जात असेल तर ती आजच काढा. एका ठिणगीत वर्ष जाते. वेचणी सकाळच्या थंडाव्यात करा, म्हणजे वाळका पाचोळा बोंडाला चिकटत नाही. पण तो कापूस अंगणात ऊन दाखवल्याशिवाय घरात घेऊ नका. सरकी दाताखाली कट्ट वाजली की समजा वाळला. पहिल्या वेचणीचा चांगला कापूस वेगळा, कवडी वेगळी. आणि पोरांना ढिगावर झोपू देऊ नका. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, हे घरोघरी माहीत आहे.

खरेदी केंद्रावरचा हिशोब लक्षात ठेवा. ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव, त्यावरच्या दर टक्क्याला कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर माल परत. म्हणजे अंगणातले दोन दिवसांचे ऊन हे रोख पैसे आहेत.

दुसरे काम पऱ्हाटीचे. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून घराच्या आडोशाला रचतो. चूल पेटायला ती लागते, यात बायाबापड्यांचा काही दोष नाही. पण त्या गंजीतल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत हिवाळा काढते आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग आपल्याच शेतात जातात. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचा आला. तेव्हा वाटले अळीचा विषय मिटला. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात याच गुलाबी अळीने बोंडे पोखरली. बियाण्याने जे होत नाही ते आता हातानेच करावे लागेल. डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदडीचा मोह सोडा. दोन क्विंटल फरदडीपायी पुढचे वर्ष अळीच्या हवाली करू नका. रान मोकळे झाले की शेळ्यामेंढ्या सोडा. पऱ्हाटी रचण्याआधी झोडपून बोंडे खाली पाडा आणि ती जाळा. गंजीची जागा आताच ठरवा, घराला आणि कापसाच्या खोलीला लागून नको.

तिसरे काम छोटे, पण त्यात जीव आहे. फवारणीची औषधे आणि पंप कुठे आहेत ते पाहा. बहुतेक घरांत ते धान्याच्या कणगीजवळ किंवा पलंगाखाली असतात. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उरलेले औषध कुलूपबंद पेटीत, पोरांच्या हाताबाहेर ठेवा. रिकामा डबा पाण्याला वापरू नका, भोके पाडून निकामी करा.

चौथे काम धान्याचे. खरिपाची ज्वारी घरात आली असेल तर खडखडीत वाळवून, जुनी कणगी झाडून, उन्हात तापवून मगच भरा. मागच्या वर्षीच्या तळाच्या दाण्यात सोंडकिडा असतो. नवे धान्य त्यावर ओतणे म्हणजे पाव्हण्याला ताट वाढणे. विकायची ज्वारी, तूर किंवा सोयाबीन असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. ही योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ते ६ टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. आपली समिती ती राबवत नसेल तर का राबवत नाही, हे संचालकांना सभेत उभे करून विचारा.

पाचवे काम मायबहिणींना सांगायला नको. मोरीचे पाणी वाहून जाते तिथे चार वाफे केले, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा टाकला, कुंपणावर वालाचा वेल सोडला, तर महिन्या-सव्वा महिन्यात ताटात भाजी येते आणि बाजारच्या दिवशी तेवढी नोट घरात राहते. गोठ्याची उत्तरेची बाजू गोणपाटाने झाका, जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचली की नाही ते पाहा, कडब्यासाठी जागा करा. रब्बी ज्वारीची तिसरी कोळपणी, आठव्या आठवड्यातली, दातेरी कोळप्याने करायची विसरू नका. भेगा बुजल्या की जमिनीतली ओल टिकते, आणि कोरडवाहूला तीच एक विहीर आहे.

आता दुसरी बाजू. घर कितीही नीट ठेवले तरी दिवाळीला पोरांना कपडे लागतात, भाऊबीजेला लेक येते, वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते. शेतकरी हौसेने स्वस्त विकत नाही, गरजेपोटी विकतो. खरेदी केंद्र दिवाळीनंतर उघडले तर गरजवंताचा माल तोवर गेलेला असतो. तेव्हा तयारी ही आपलीच जबाबदारी, असे सांगून सरकारला सुटू देणार नाही. वेळेवर केंद्र उघडणे ही त्यांची दिवाळीआधीची घरसफाई आहे. त्यांनी ती करावी, आपण आपली करू.

जिल्हा सभेत भाषणे कमी आणि ठराव जास्त व्हावेत. प्रत्येक गावाने तीन गोष्टी ठरवून याव्यात. एक, गावाचा स्वतःचा ओलावा मापक, वर्गणीतून. व्यापाऱ्याने हात घालण्याआधी आपल्याला आकडा माहीत असावा. दोन, पऱ्हाटी काढण्याची साऱ्या गावाची एकच तारीख. पतंगाला बांध कळत नाही. एकाने रान साफ केले आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर दोघेही बुडतात. तीन, ज्यांच्या घरात कोरडी जागा नाही अशा घरांची यादी, आणि त्यांचा कापूस महिनाभर कोणाच्या वाड्यात, समाजमंदिरात किंवा सोसायटीच्या गोदामात ठेवता येईल याचा निर्णय.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. विधवा बहिणीचा, दोन एकरवाल्याचा कापूस पहिल्यांदा पडेल भावाने जातो, आणि तोच भाव मग गावाचा भाव म्हणून आपल्या सगळ्यांना सांगितला जातो. त्यांच्या चार क्विंटलला छप्पर दिले, तर आपल्या चाळीस क्विंटलचा भाव राखला जातो.

आठ दिवस हातात आहेत. घरी गेल्यावर पहिल्यांदा ढिगात हात घालून बघा.