पोशाख कामाचा, अंदाज माणसाचा

कामाच्या ठिकाणी पोशाखाचे नियम तीन कारणांसाठी केले जातात: जिवाची सुरक्षा, ओळख आणि संस्थेची प्रतिमा. पहिल्या दोन कारणांवर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो प्रतिमेवर, कारण कपड्यांवरून माणूस जोखण्याच्या सवयीला तिथे संस्थेचाच शिक्का मिळतो.

सुरक्षेचा नियम सर्वांत स्पष्ट असतो. चालू यंत्राची तपासणी किंवा वंगणाचे काम करणाऱ्या कामगाराचे कपडे अंगाबरोबर बसणारे असावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत, असे १९४८च्या कारखाने अधिनियमाचे कलम २२ सांगत असे. सैल बाही यंत्रात अडकली तर हात जातो. नियमाचे कारण डोळ्यांना दिसते आणि त्याचा खर्च मालकावर असतो. ओळखीचा नियमही असाच सरळ आहे. पोलिसाच्या खाकीमुळे गर्दीत मदत कोणाकडे मागायची ते कळते. वकिलाचा काळा कोट आणि पांढरे बँड हेही ओळखीसाठीच, तरी सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतरत्र उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही.

प्रतिमेच्या नियमाचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे सामान्य प्रशासन विभागाचे ८ डिसेंबर २०२०चे परिपत्रक. त्याने सरकारी कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर यांना मनाई केली, गडद रंगाचे व चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळायला सांगितले आणि शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना केली. कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागारही त्यात आले. अनुरूप पोशाख नसेल तर जनमानसात शासनाची प्रतिमा मलिन होते, असा त्यामागचा विचार होता. मार्च २०२१मध्ये जीन्सवरील बंदी उठली, टी-शर्टवरील राहिली. या काही महिन्यांत जीन्स घालणाऱ्या लिपिकाच्या कामात काहीच बदललेले नव्हते. बदलली होती ती फक्त कपड्याबद्दलची समजूत.

ही समजूत क्षेत्रागणिक वेगळी असते. इन्फोसिसने जून २०१५पासून आठवडाभर अनौपचारिक कपड्यांना मुभा दिली. आयटीत टी-शर्ट हा प्रोग्रामरचा रोजचा वेश आहे. तोच शाळेत शिक्षकाच्या अंगावर दिसला तर बेशिस्त ठरतो. मार्च २०२४मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांना जीन्स व टी-शर्ट न घालण्याच्या सूचना दिल्याच होत्या. दोन्ही ठिकाणी कापड तेच असते, निष्कर्ष मात्र उलटे निघतात.

असे निष्कर्ष कसे निघतात, याचा अभ्यास शंभर वर्षांपासून होत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२०मध्ये दाखवले की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसाचा एक गुण आवडला की त्याच्या इतर गुणांनाही चढे गुण देतात. लिओनार्ड बिकमन यांच्या १९७४च्या ब्रुकलिनमधील प्रयोगात रस्त्यावरच्या लोकांनी साध्या कपड्यांतल्या माणसापेक्षा सुरक्षारक्षकाच्या गणवेशातल्या माणसाचे अधिक ऐकले. २०१४मध्ये सिल्व्हिया बेलेझा आणि सहकाऱ्यांनी या विषयाची दुसरी बाजू मांडली: नामांकित विद्यापीठातला प्राध्यापक टी-शर्टमध्ये, दाढी न करता आला तर विद्यार्थी त्याला अधिक मोठा मानतात. पण संकेत जाणूनबुजून मोडला आहे असे वाटले तरच हा लाभ मिळतो.

कार्यालयातला अन्याय इथेच आहे. साहेबांचा चुरगळलेला शर्ट साधेपणा ठरतो आणि कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरचा तसाच शर्ट निष्काळजीपणा. ज्याचे पद आधीच ठाऊक आहे त्याला कपड्यांत सूट मिळते. नवख्या, कंत्राटी आणि खालच्या पायरीवरच्या माणसाला कपड्यांतूनच स्वतःला सिद्ध करावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत तर योग्य पोशाखही पुरत नाही. पांढरा एप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या डॉक्टर तरुणीलाही रुग्णालयात ‘सिस्टर’ अशी हाक ऐकावी लागते. कपडा खरे तेच सांगत असतो, पण पाहणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते.

सर्वांना एकच गणवेश हा एक उपाय आहे. मारुती कंपनीने सुरुवातीपासून अधिकारी आणि कामगार यांना एकच गणवेश आणि एकच कँटीन ठेवले. त्याने कपड्यावरचा भेद मिटतो. कायम आणि कंत्राटी यांच्या पगारातला भेद मात्र गणवेशाने मिटत नाही.

म्हणून पोशाखाचा कोणताही नियम तीन प्रश्नांवर तपासावा. त्याचे कारण कामाशी जोडलेले आहे का? सक्तीच्या कपड्याचा खर्च मालक उचलतो का? तो साहेबापासून शिपायापर्यंत सारखा लागू होतो का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर तो नियम रद्द करावा. पण परिपत्रकाने बदलत नाही ती सहकाऱ्यांची नजर, आणि ती जबाबदारी प्रत्येकाची आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाबद्दल मत बनवायचेच असेल, तर त्याच्या हातून निघालेले काम पाहून बनवावे.